अर्धी फेरी मागे

१

‘घाबरल्यामुळे मृत्यू.’

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल हे ज्याने लिहिलं, त्याला एकदा तिच्याबरोबर पाण्यात उतरवायला हवं होतं. खाली काळोख, डोक्यावर गंजलेलं लोखंड, समोर मांडीएवढा जाड वाम मासा दात दाखवतोय, आणि ही बया कॅमेरा धरून तो कोणत्या बाजूने बरा दिसतो ते ठरवत असायची. ती घाबरणार? जगात ती फक्त मला घाबरायची, आणि चौथीत गेल्यावर तेही तिने सोडून दिलं.

मी तो अहवालाचा कागद बंदरावरच्या पोलीस चौकीत टेबलावर आपटला. इन्स्पेक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, सिलिंडरमध्ये निम्म्याहून जास्त हवा होती. व्हॉल्व्ह उघडा होता. तपासणाऱ्याने नळी स्वतःच्या तोंडात धरून श्वास घेतला, हवा व्यवस्थित आली. मग माणूस गुदमरतो कसा? दुसरं काय लिहिणार?”

“मला तिचं सामान बघायचंय.”

त्या नाही म्हणाल्या नाहीत. माझ्या कानाचा पडदा फाटेपर्यंत या किनाऱ्यावरच्या निम्म्या लोकांना पाण्याखाली जायला मीच शिकवलंय, हे त्यांना माहीत होतं.

किनाऱ्यापासून थोडं आत एक जुनं मालवाहू जहाज मुद्दाम बुडवलेलं आहे. त्यावर आता प्रवाळ चढलंय, मासे राहायला आलेत आणि माशांच्या मागोमाग फोटो काढणारी खुळी माणसं. त्या दिवशी तिघं खाली गेली होती: धाकटी, तिचा नवरा आणि प्रोफेसर. बोटीवर होता बोटीचा मालक दाढी. दोघं वर आले, धाकटी आली नाही. दाढीने बुडी मारून तिला जहाजाच्या मालाच्या कोठारातून वर आणलं.

मागच्या खोलीत तिचा सिलिंडर भिंतीला टेकून उभा होता. त्याची मूठ धरून मी उघडायच्या दिशेने फिरवली. ती फिरली. अर्धी फेरी फिरली आणि मग अडली.

जुन्या लोकांची एक खोड असते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग अर्धी फेरी मागे घ्यायचा. पूर्वीचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले की अडकून बसायचे, म्हणून. आता तसं होत नाही, उलट या मागे-पुढेच्या नादात दिशा चुकली तर जीव जातो. म्हणून मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी बजावायचे: अडेपर्यंत उघडा आणि हात काढा. धाकटीने माझं आयुष्यात एकच ऐकलं, ते हे.

“या मुठीला तपासणीत कुणी हात लावला?” मी विचारलं.

“नाही. उघडाच होता, तसाच ठेवला.”

म्हणजे तिने उघडल्यानंतर दुसऱ्या कुणाचा तरी हात त्या मुठीवर पडला होता.

२

कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या नवऱ्याने मला आधीच आणून दिलं होतं. “मला बघवत नाही ताई,” म्हणाला होता. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले.

धाकटीची कामाची एक पद्धत होती. एक विषय संपला, दुसरा सुरू करायचा, की मध्ये एक फोटो स्वतःच्या हवेच्या मीटरचा. घरी आल्यावर कुठून काय सुरू झालं ते पटकन सापडतं, शिवाय किती हवेत किती काम झालं तेही कळतं. बाकीच्यांच्या दृष्टीने ते फोटो म्हणजे कचरा. पोलिसांनीही तो कचरा बघितला नव्हता.

पहिल्या मीटरवर सिलिंडर भरलेला. मग जहाजाचं चाक, चाकात राहणारे छोटे पिवळे मासे. मग मीटर, काटा थोडा खाली. मग कोठार, वरच्या भोकातून येणारा उजेड, शिडीला लोंबणारं मऊ प्रवाळ. मग मीटर, आणि काटा एकदम लाल पट्ट्यात. हवा जवळजवळ संपलेली.

त्यापुढचाही फोटो मीटरचाच होता. त्यात काटा परत वर, निम्म्याच्याही पुढे.

मी खुर्चीवरून उठले. सिलिंडरमधली हवा कमी होते. ती कधी वाढत नाही. काटा वर जायचं एकच कारण असतं. व्हॉल्व्ह जेमतेम उघडा असला की श्वास ओढताना नळीतली हवा संपते आणि काटा आपटतो. श्वास थांबला की हवा झिरपत झिरपत नळी भरते, काटा वर येतो. बोटीवर बसून तेवढी हवा पुरते. खोल गेलं की एकेका श्वासाला कितीतरी जास्त हवा लागते, आणि तिथे ती पुरत नाही. सिलिंडर भरलेला, आणि माणूस त्याच्याखाली गुदमरतो.

म्हणजे कुणीतरी तिचा व्हॉल्व्ह बंद करून मग फक्त पाव फेरी उघडा ठेवला होता. आणि ती गेल्यावर, कुणाला कळू नये म्हणून, पाण्याखालीच पुन्हा उघडला होता. घाईत उघडताना त्याच्या हाताने जन्माची सवय पाळली आणि अर्धी फेरी मागे घेतली.

तिचे शेवटचे तीन फोटो मीटरचेच होते. काटा खाली, काटा वर, काटा खाली. तिला कळलं होतं. घाबरलेला माणूस कॅमेरा टाकून देतो, आणि माझी बहीण पुरावा काढत होती. तिन्ही फोटोंत मीटरच्या मागे दोन पांढरे ठिपके होते. पाण्यात तरंगणारा गाळ फ्लॅशमध्ये असाच चमकतो, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या टेबलावर डोकं ठेवून मी पोटभर रडले. मग तोंड धुतलं. खरं सांगते, मला न्याय वगैरे नको होता. मला तो माणूस हवा होता, माझ्या हातात. पाव फेरीचं मी कुणालाही सांगितलं नाही, तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही.

३

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत माझा जुना सिलिंडर घालून दारोदार फिरू लागले. प्रत्येकाला एकच विनंती. माझा कान बरा झालाय, मला एकदा धाकटी गेली तिथे उतरायचंय, जरा हा रेग्युलेटर, म्हणजे श्वासाच्या नळीची जोडणी, लावून, हवा सोडून, गळतंय का बघ. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे.

आधी तिचा नवरा. त्याने रेग्युलेटर लावला, मूठ अडेपर्यंत फिरवली आणि हात काढला. मग भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

“आम्ही त्या सकाळी भांडलो होतो ताई,” तो म्हणाला. “अगदी फालतू कारणावरून. टॉवेल. ती तशीच चिडलेली खाली गेली. माझ्यामुळे तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हणून ती घाबरली. माझ्यामुळे.”

“जावईबापू, तिचं तुमच्याशी रोज भांडण व्हायचं. त्या हिशेबाने ती लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बुडायला हवी होती.”

तो हसला नाही. त्या एका शब्दाने या माणसाला जिवंतपणी पुरलं होतं, आणि मला आणखी संताप आला.

“तू कुठे होतास खाली?”

“नांगराच्या साखळीपाशी. माझ्या मास्कमध्ये पाणी येत होतं. प्रोफेसर जहाजाच्या पुढच्या टोकाकडे गेले, ती कोठाराकडे.”

“आणि उडी मारण्याआधी सगळ्यांचे व्हॉल्व्ह कुणी बघितले?”

“दाढीने. त्याच्या बोटीवर मागे उभं राहून पाठीवर हात फिरवल्याशिवाय तो कुणाला सोडतच नाही. मी पहिली उडी मारली, मला बघता आलं नाही, पण त्याने पोलिसांना तसं लिहून दिलंय.”

दाढी. जुना माणूस, जुन्या खोडी. मी सिलिंडर गाडीत टाकला.

४

दाढी बोटीच्या तळाला रंग लावत होता. मी त्याच्याकडे सिलिंडर ढकलला. त्याने मूठ धरली, फिरवली, अडेपर्यंत नेली आणि हात काढला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“काय बघतेस? तूच भांडून माझी सवय मोडलीस ना,” तो म्हणाला. “सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू काढली होतीस. अजून मूठ धरली की तुझा आवाज येतो कानात.”

“त्या दिवशी तिच्या पाठीवर हात तू ठेवलास?”

“लिहून दिलंय की.”

“मी काय लिहून दिलंय ते विचारत नाही.”

त्याने ब्रश डब्यात ठेवला. दाढी हा माणूस खोटं बोलायला लागला की नाक चोळतो, पण या वेळी त्याने नाक चोळलं नाही.

“नांगराची साखळी अडकली होती,” तो म्हणाला. “मी पुढे वाकून ती सोडवत होतो. प्रोफेसर म्हणाला, तू कर तुझं, हिचं मी बघतो. मागून त्याने तिच्या पाठीवर हात फिरवला, खांद्यावर थोपटलं, ती गेली. पण बघायचं काम माझं होतं. ते मी दुसऱ्यावर सोपवलं म्हटलं असतं तर माझा परवाना गेला असता. म्हणून लिहून दिलं की मीच बघितलं. पण तिला काही झालं ते व्हॉल्व्हमुळे नाही ना? व्हॉल्व्ह उघडा होता, ताई. मी स्वतः वर आणलं तिला.”

मी सिलिंडर उचलून निघाले. आणखी थांबले असते तर बोटीच्या रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर गेला असता. त्याच्या एका खोट्याने तो दुसरा माणूस आजवर आरामात झोपत होता.

५

प्रोफेसर हा कुठल्या कॉलेजातला प्रोफेसर नव्हे. समोर माणूस दिसला की त्याला शिकवायला लागतो म्हणून ते नाव पडलेलं. पाण्याखालचे फोटो काढण्यात त्याचं नाव मोठं होतं. होतं म्हणते, कारण त्याचा तो बक्षीस मिळालेला फोटो, बुडालेल्या जहाजाच्या चाकाला शेपटीने धरून बसलेला समुद्रघोडा, खोटा निघाला. त्याने त्या बिचाऱ्या जिवाला बारीक दोऱ्याने चाकाला बांधलं होतं. तो दोरा धाकटीच्या फोटोत आला आणि तिने तो सगळ्यांना दाखवला. बक्षीस काढून घेतलं गेलं, त्याचं पुस्तक अडलं, शिकायला येणारी मुलं बंद झाली. तेव्हापासून तो तिला पाण्यात पाहायचा, पण वरवर इतका गोड, की तिलाही वाटलं मिटलं सगळं. “बिचारा एकटा पडलाय गं, येऊ दे बरोबर,” असं ती मला म्हणाली होती.

त्याच्या बैठकीत भिंतभर फोटो होते. मधोमध एक चौकोन रिकामा होता आणि तिथला रंग बाकी भिंतीपेक्षा गडद होता. त्याने तिथे दुसरं काहीही लावलेलं नव्हतं.

“फार गुणी मुलगी,” तो म्हणाला. “थोडी उतावीळ. मी सांगायचो तिला, एकटीने कोठारात जात जाऊ नकोस.”

“तुम्ही नाही गेलात तिकडे?”

“छे. मी पूर्ण वेळ पुढच्या टोकाला. वर आल्यावरच कळलं. फार वाईट झालं.”

मी सिलिंडर पुढे केला. तो बोलत होता, रेग्युलेटर कसा जपावा, रबर कसं सुकतं, मीठ कसं धुवावं. बोलता बोलता त्याच्या हाताने मूठ धरली, अडेपर्यंत फिरवली, आणि आपसूक अर्धी फेरी मागे घेतली. त्याच्या डोळ्यांनी हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

“वा,” मी म्हणाले. “छान लावलंत.”

मी निघताना त्याने त्याचा कॅमेरा दाखवला. दोन लांब दांड्या, एकेका टोकाला एकेक पांढरा दिवा. “असे दोन दिवे इथे माझ्या एकट्याकडेच आहेत,” तो कौतुकाने म्हणाला. “तुमच्या बहिणीकडे एकच असायचा. तिच्या नवऱ्याकडे तर साधी बॅटरी.”

मी घरी कशी आले ते आठवत नाही. तिचे शेवटचे तीन फोटो मी पुन्हा उघडले. गाळ असता तर ठिपके दर फोटोत वेगळ्या जागी, वेडेवाकडे दिसले असते. हे दोन ठिपके तिन्ही फोटोंत शेजारी शेजारी होते, एका ओळीत. आणि दर फोटोत मोठे होत गेले होते.

तो तिच्याकडे येत होता. तिने बघितलं असणार. दोन दिवे दिसले, म्हणजे प्रोफेसर आला, म्हणजे आता हवा मिळेल. प्रत्येकाच्या छातीवर दुसऱ्याला द्यायची जादा नळी असते, ती त्याच्याही छातीवर होती. म्हणून तर ती वरच्या भोकाकडे गेली नाही. ती त्याची वाट बघत थांबली.

आणि तो दिवे धरून बघत राहिला.

६

इन्स्पेक्टर बाईंनी माझं सगळं ऐकलं, फोटो तीनदा बघितले आणि म्हणाल्या, “मला पटलं. पण अर्धी फेरी शंभर लोक मागे घेतात. आणि ठिपक्यांना वकील गाळच म्हणेल. त्याच्या तोंडून काहीतरी यायला हवं.”

ते कसं आणायचं, ते आम्ही ठरवलं. मी प्रोफेसरला फोन केला, म्हणाले, धाकटीचं कोठाराचं काम अर्धवट राहिलंय, ते पुरं करू शकेल असा एकच माणूस आहे. त्याला तेवढं पुरलं. तो ज्या तोंडाने आला, त्यावरून वाटावं की समुद्राने त्याला माफीपत्र धाडलंय.

बोट जहाजाच्या वर उभी होती. दाढी साखळीपाशी. जावई माझ्या शेजारी. इन्स्पेक्टर बाई साध्या कपड्यांत, दाढीची चुलत बहीण म्हणून आलेल्या, आणि बोट लागल्यामुळे तोंडावर ओढणी घेऊन बाकावर आडव्या. ठरलं होतं ते इतकंच, की मी मागून हात लावल्यासारखं करायचं आणि त्याला बोलतं करायचं.

प्रोफेसर सगळं सामान चढवून काठावर बसला, नळी तोंडात, पाय पाण्याकडे. मी मागे गेले. मूठ धरली. हात फिरवला. मग त्याच्या खांद्यावर थोपटलं.

“बघितलं मी तुमचं,” मी म्हणाले. “तुम्ही तिचं बघितलं होतंत ना, तसंच. मारा उडी.”

तो हलला नाही. त्याची पाठ माझ्याकडे होती, पण मानेवरची कातडी ताठ झालेली मला दिसली. त्याने तोंडातली नळी काढली.

“काय केलंस तू?”

“व्हॉल्व्ह बघितला.”

“तू फिरवलास. मला कळलं.” त्याचा आवाज चिरका झाला होता. “पाव फेरीवर ठेवलास ना? वेडी आहेस का तू? मी खाली गेलो तर मरेन.”

बाकावरून इन्स्पेक्टर बाई उठून बसल्या. “पाव फेरीचं तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. “आम्हा दोघींशिवाय बोटीवर कुणाला माहीत नाही. अहवालातही नाही.”

तेव्हा त्याला कळलं त्या कोण आहेत. त्याने दाढीकडे बघितलं, मग जावयाकडे. मी खिशातून ते तीन फोटो काढून त्याच्या मांडीवर ठेवले आणि दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“पुढच्या टोकाला होतात ना तुम्ही? मग हे दिवे कुणाचे?”

तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. “तिने मला संपवलं. एका दोऱ्यासाठी. सगळ्या जगासमोर. मला तिला फक्त दाखवायचं होतं की श्वास कोंडला की काय वाटतं.”

“मग दाखवून झाल्यावर नळी का दिली नाहीस?”

“ती माझ्याकडे बघत होती,” तो म्हणाला. “आणि मला द्यावीशी वाटली नाही.”

जावई पुढे झेपावला. दाढीने त्याला कवेत घट्ट धरलं. तो धडपडला, मग दाढीच्याच खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. “ती घाबरली नव्हती,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “ताई, ती घाबरली नव्हती.” मी म्हणाले, नव्हती रे राजा, अजिबात नव्हती. इन्स्पेक्टर बाईंनी मान डोलावली आणि तो शब्द आपण स्वतःच्या हाताने खोडू, असं त्याला सांगितलं.

मग त्यांनी प्रोफेसरचे हात धरले आणि दाढीला सामान उतरवायला सांगितलं. दाढीने त्याच्या पाठीवरचा सिलिंडर काढून बाकावर ठेवला, सवयीने मूठ धरली, बंद करायला गेला, आणि थांबला.

“ताई,” तो म्हणाला. “हा खरंच बंद होता. पाव फेरीच उघडा.”

इन्स्पेक्टर बाईंचा चेहरा आधीच पांढरा होता, तो आणखी उतरला. “नुसता हात लावायचं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“त्यांनी उडी मारली असती तर?”

विसरले म्हणता आलं असतं. हात घसरला म्हणता आलं असतं. जावईही माझ्याकडे बघत होता.

“तर मी गप्प बसले असते,” मी म्हणाले. “तुम्ही आडव्या होतात, दाढी साखळीपाशी होता. त्याचे बुडबुडे थांबेपर्यंत मी इथे बसून बघितलं असतं.”

प्रोफेसर हसला. “बघा,” तो म्हणाला. “माझ्यात आणि हिच्यात फरक काय?”

“तू मारेकरी होतास म्हणून आज वाचलास,” मी त्याला सांगितलं. “पाव फेरी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसाने उडी मारली असती.”

किनाऱ्यावर गेल्यावर माझाही जबाब घ्यावा लागेल, असं इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. मी बरं म्हटलं. दाढीने नांगर ओढून घेतला.